साम्सोच्या पवनचक्क्या कुणाच्या?

साम्सो बेटावर जायला डेन्मार्कमधल्या हौच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा आमची फेरी निघून गेली होती. अगदी डोळ्यांदेखत. तिच्या मागचा फेसाचा पट्टा अजून पाण्यावर दिसत होता. हँबुर्गहून निघालेली गाडी सीमेच्या अलीकडे पाऊण तास नुसती उभी, मग फ्रेडरित्सियाला पुढची गाडी चुकली, आर्हुसला धावतपळत लाइट रेल गाठून ओडर, तिथून बस, आणि एवढा आटापिटा करून शेवटी हे. लेकीच्या जर्मन शाळेतली बावीस मुलं, दोन शिक्षक, आणि 'सोबतीला पालक' या भारदस्त पदावर मी. जूनचा पहिला आठवडा, पण वारा असा की साताऱ्याचा जानेवारी परवडला.

पुढच्या फेरीला दोन तास होते. मुलांचे चेहरे उतरायला लागले तशी मी पिशवीतून धपाटे काढले. रात्री जागून चाळीस लाटले होते. पहिली गुंडाळी सोडली आणि लेक कानाशी येऊन कुजबुजली, "आई! फॉइल!"

सहलीच्या सूचनांमध्ये तिसऱ्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलं होतं, एकदा वापरून टाकायची कुठलीही वस्तू आणू नये. त्या कागदावर पालक म्हणून सही माझीच. तिच्या वर्गातल्या एका पोरानं अतिशय गंभीरपणे ती फॉइल माझ्याकडून मागून घेतली, चार घड्या घातल्या आणि एका पारदर्शक पिशवीत टाकली. आठवडाभर प्रत्येक गटानं आपला कचरा फेकायचा नाही, बरोबर वागवायचा आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वजन करायचं, असं ठरलेलं होतं. आमच्या पिशवीतली पहिली वस्तू माझी. धपाटे मात्र दहा मिनिटांत संपले.

ही सहल 'इरॅस्मस'ची, म्हणजे युरोपीय संघाच्या शैक्षणिक देवाणघेवाण कार्यक्रमाची. इरॅस्मस म्हणजे कॉलेजची पोरं सहा महिने परदेशात राहून येतात ते, एवढंच मला माहीत होतं. तो मूळ कार्यक्रम १९८७ चा. शाळांसाठीचा भाग १९९५ पासून 'कोमेनिअस' या नावानं चालायचा. आता सगळं 'इरॅस्मस प्लस'च्या एकाच छपराखाली आलंय आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यात २६ अब्ज युरोंहून जास्त पैसे आहेत. दोन-तीन देशांतल्या शाळा एखादा विषय ठरवून जोडी जमवतात आणि मुलं एकमेकांकडे जाऊन राहतात. आमचा विषय होता शाश्वत जगणं. विमान सोडून ट्रेन-बसनं गेलं तर प्रवासाचं अनुदान जास्त मिळतं, आणि वाटेतल्या जादा दिवसांचा खर्चही धरता येतो. म्हणून तर आमची ही वरात रुळांवरून. आमच्यासोबत साम्सोवर येणार होत्या पोलंडमधल्या कोळसापट्ट्यातली एक शाळा आणि पोर्तुगालमधली एक.

साम्सो हे डेन्मार्कच्या साधारण मधोमध असलेलं बेट. ११४ चौरस किलोमीटर, वस्ती चार हजारांच्या आत. डॅनिश माणसाला विचाराल तर तो आधी इथल्या बटाट्याचं कौतुक सांगेल. नवा साम्सो बटाटा बाजारात येणं ही तिकडे बातमी असते, आपल्याकडे देवगडची पहिली पेटी येते तशी. बाहेरच्या जगाला हे बेट ठाऊक झालं ते मात्र विजेमुळे. १९९७ साली डॅनिश सरकारनं स्पर्धा ठेवली होती, कुठलं बेट दहा वर्षांत पूर्णपणे स्वतःच्या नूतनक्षम ऊर्जेवर येऊन दाखवेल? साम्सो जिंकलं. २००० पर्यंत जमिनीवर एक-एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २००३ मध्ये दक्षिणेला भर समुद्रात आणखी १०, प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या.

मुलं बेटावरच्या शाळेतल्या मुलांच्या घरी वाटली गेली. मला मिळालं एका निवृत्त शेतकरी जोडप्याचं घर. आजींना इंग्रजी बेताचं, आजोबांना गरजेपुरतं. माझं डॅनिश शून्य. पहिल्या रात्री जेवण काळी राईची पाव-भाकरी, उकडलेले बटाटे आणि लोणी असं होतं. मी मांस खात नाही हे कळल्यावर आजींनी जी कीव केली ती शब्दांशिवायही पोचली. दहा वाजले तरी बाहेर लख्ख उजेड. खिडकीतून, शेताच्या पलीकडे, तीन पवनचक्क्या फिरताना दिसत होत्या.

आता इथे मला साताऱ्याचं सांगावंच लागेल. ठोसेघरचा धबधबा बघून वर चाळकेवाडीच्या पठारावर जाणं, ही आमच्या शाळेची ठरलेली सहल. पठारभर पवनचक्क्या. त्यांच्या खांबाला पाठ लावून डबे खायचे आणि वर बघून चक्कर आणवायची. त्या कुणाच्या हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कुठल्या तरी कंपन्यांच्या असणार. पठारावरच्या ज्या म्हातारीकडून आम्ही करवंदं घ्यायचो तिच्या नव्हत्या, एवढं नक्की.

त्या सवयीनं मी आजोबांना विचारलं, "या कुठल्या कंपनीच्या?" आजोबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक फाइल घेऊन आले. फायलीत एक कागद. शेअरचा. त्यांचा आणि आजींचा, दोघांच्या नावे. कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग.

मी बघतच राहिले. कारण असाच कागद आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत आहे, बाबांच्या साखर कारखान्याचा. सभासद म्हणून मिळणारी सवलतीची साखर दिवाळीच्या आधी घरी यायची ती त्याच कागदाच्या जोरावर. कारखान्याबद्दल बाबा रोज शिव्या घालायचे, पण बाहेरच्यानं एक शब्द काढला तर त्याची खैर नसे. आजोबांचं तेच. चक्कीचा आवाज येतो का, विचारलं तर म्हणाले, "येतो ना. थांबली की झोप लागत नाही."

दुसऱ्या दिवशी बालेनच्या ऊर्जा अकादमीत मुलांना हाच इतिहास नीट ऐकायला मिळाला. जमिनीवरच्या ११ चक्क्यांपैकी ९ एकेकट्या शेतकऱ्यांनी घेतल्या, २ लोकांनी वर्गणी काढून. समुद्रातल्या दहांपैकी ५ नगरपालिकेनं उभारल्या आणि उरलेल्यांत शेतकरी आणि छोटे भागधारक होते. यामागे खटपट करणारा माणूस, सोरेन हेर्मान्सेन, इथलाच शेतकऱ्याचा मुलगा आणि आधी पर्यावरण शिकवणारा शिक्षक. तो गावोगावच्या बैठकांत बसून, कॉफी ढोसत लोकांना पटवत राहिला. डेन्मार्कला सहकार नवा नाही. तिथली पहिली सहकारी डेअरी १८८२ ची. आपल्याकडे प्रवरेचा कारखाना १९५० च्या सुमाराला उभा राहिला, म्हणजे या बाबतीत ते आपले थोरले. पण आपण ऊस आणि दूध सहकारात आणलं आणि वारा विकून टाकला, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या झोंबलं.

सादरीकरण छान होतं, पण खरी मजा आली ती नंतर, प्रश्नांच्या वेळी. पोलंडच्या गटातली एक मुलगी, पंधरा-सोळाची, हात वर करून उभी राहिली. तिनं विचारलं, "तुमच्या गाड्या, ट्रॅक्टर, बोटी अजून तेलावर चालतात. मग समुद्रातल्या चक्क्यांची वीज बाहेर पाठवायची आणि म्हणायचं हिशेब चुकता झाला. हे बरोबर आहे?" समोरच्या बाईंनी उत्तर टाळलं नाही. म्हणाल्या, "होय, त्या दहा चक्क्या वाहतुकीच्या बदल्यातच उभ्या केल्या. वारा पडला की आम्ही मुख्य भूमीवरून केबलनं वीज घेतो. वर्षाचा हिशेब जमतो, प्रत्येक तासाचा नाही."

मुलगी बसली नाही. "माझे बाबा खाणीत आहेत," ती म्हणाली. "आमच्याकडच्या कोळशाच्या खाणी २०४९ पर्यंत बंद करायचा करार झालाय. तेव्हा मी चाळिशीत असेन. इथे कुणाचं काम गेलं?"

खोलीत जरा शांतता पसरली. मग कळलं की साम्सोनं हे सगळं केलं तेच मुळी काम गेल्यावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेटावरचा कत्तलखाना बंद पडला आणि शंभरेक नोकऱ्या गेल्या. एवढ्याशा बेटावर शंभर म्हणजे किती हे साखर कारखाना बंद पडलेल्या तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. गवंडी, प्लंबर, वेल्डर यांना चक्क्यांच्या पाया-खोदाईचं आणि गरम पाण्याच्या नळ्या टाकण्याचं काम मिळालं. त्या मुलीनं वहीत हे लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पूर्ण आठवड्यात एवढं मन लावून कुणी काही लिहिताना मी पाहिलं नाही.

गरम पाण्याच्या नळ्यांचं सांगते. बेटावर चार ठिकाणी सामायिक भट्ट्या आहेत. त्यांत पाणी तापवतात आणि जमिनीखालून घराघरात नेऊन घरं ऊबदार ठेवतात. तीन भट्ट्यांत जळण म्हणून काय? गव्हाचं काड! उत्तरेकडच्या चौथीत लाकडाच्या ढलप्या आणि सोबत सौरपट्ट्या. आम्ही काडाच्या भट्टीवर गेलो. आत गंजीचाच वास, मळणीनंतर खळ्यावर येतो तो. माझ्याहून उंच चौकोनी गठ्ठे रचलेले, यंत्र एकेक गठ्ठा फाडून आत ढकलत होतं. पोर्तुगालची मुलं भट्टीच्या काचेशी सेल्फी काढत होती. माझा जीव मात्र वरखाली. एवढं सोन्यासारखं काड, जाळायचं?

तेवढ्यात या पोर्तुगीज मुलांवरून भांडण पेटलं. झालं असं की आमच्या गटातल्या एकानं, तोच फॉइलवाला, सगळ्यांच्या प्रवासाचं कार्बन गणित फळ्यावर मांडलं. पोर्तुगालवाले विमानानं आले होते. त्यांचा आकडा आमच्या कितीतरी वर. फॉइलवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला बघवेना. तेव्हा त्यांच्यातला एक कुरळ्या केसांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "लिस्बनहून माद्रिदला थेट गाडी तरी आहे का, बघ." पोरांनी फोन काढले. दोन देशांच्या राजधान्या शेजारीशेजारी, आणि थेट गाडी नाही. रात्रीची जी होती ती २०२० मध्ये बंद पडली. बदलत बदलत जायचं म्हटलं तर दिवस जातो, आणि पुढे फ्रान्स, जर्मनी आहेच. "आणि तू उशिरा आलास," तो म्हणाला, "मी वेळेवर." फळा पुसला गेला नाही, पण त्याच्या खाली कुणीतरी पोर्तुगालपासून डेन्मार्कपर्यंत एक लांबलचक रेघ काढली आणि कुठेकुठे रूळ तुटतात तिथे फुल्या मारल्या. हा तक्ता आता तिन्ही शाळांच्या भिंतीवर लागणार आहे म्हणे.

बाकी कार्यक्रम ठीकठाक. पोस्टर रंगवणं, गोलात बसून एकेक शब्द सांगणं, ते मी सोडून देते. जर्मन मुलांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो इथली पोरं शिक्षकांना सरळ नावानं हाक मारतात याचा. 'श्री. अमुक' आणि 'सौ. तमुक'ची सवय असलेली माझी लेक पहिले दोन दिवस शिक्षकांना हाकच मारत नव्हती, समोर जाऊन उभी राहायची.

रस्त्याच्या कडेला इथे शेतकऱ्यांची छोटी लाकडी खोपटी असतात. आत बटाटे, स्ट्रॉबेरी, जॅमच्या बाटल्या, आणि एक डबा. माणूस नाही. माल घ्या, पैसे टाका. डॅनिश लोक फोननं पैसे भरतात, माझ्याकडे ते अॅप नव्हतं. सुटे क्रोनर जमवून दोन किलो बटाटे घेतले आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन आणखी एक नाणं टाकलं, कारण मोजताना चूक झाली असावी असं उगाच वाटलं. कुणी बघत नसताना एवढी घाबरगुंडी कधी उडाली नव्हती.

इथे 'आमची आजी हे सगळं आधीच करायची, कापडात भाकरी बांधायची' असं लिहायचा मोह होतोय. करायची, खरं आहे. पण फॉइल मी आणली होती, आजीनं नव्हे.

शेवटच्या दिवशी वजन झालं. आमची पिशवी सगळ्यात हलकी नव्हती. डॅनिश मुलं अर्थातच जिंकली. घरच्या मैदानावर खेळत होती ना. काट्यावर ठेवताना माझी चार घड्यांची फॉइल वरच दिसत होती, हळदीचे पिवळे डाग लागलेली, आणि प्रत्येकानं ती काय म्हणून विचारली. फॉइलवाल्यानं प्रत्येकाला धपाटे म्हणजे काय ते समजावून सांगितलं. उच्चार बरा होता.

परतीच्या फेरीवरून बाबांना फोन लावला. मागे बेट लहान होत चाललं होतं. त्यांना चक्क्यांचं सांगितलं, शेअरच्या कागदाचं सांगितलं. ते हूं हूं करत होते. मग काडाच्या भट्टीचं सांगितलं.

"काड जाळतात?" बाबांचा आवाज चढला. "मग जनावरं काय खातात त्यांची?"

मी आजोबांना हे विचारायचंच राहून गेलं होतं.