डावा अंगठा

आमच्या इस्पितळात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. म्हणजे कोणी हात चोळले, कोणी नाही, हे वहीत टिपत फिरणारी बाई. मी दारात दिसले की आयसीयूतले सगळे एकदम हँडरबच्या, म्हणजे हातांना चोळायच्या जंतुनाशकाच्या, बाटलीकडे वळतात.

मागच्या महिन्याचा हिशेब वाईट होता. 40 वेळा हात चोळायला हवे होते, चोळले 17 वेळा. मीटिंगमध्ये आकडा सांगितला आणि कारणांची रांग लागली. "त्या दिवशी दोन इमर्जन्सी होत्या." "तुम्ही नेमक्या शिफ्ट बदलताना आलात." एक सीनियर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, मोजण्यातच काहीतरी चुकलंय." गंमत म्हणजे दुसऱ्या वॉर्डाच्या आकड्यांबद्दल कोणालाच शंका नव्हती.

मला व्हिएन्नाचे डॉ. सेमेलवाइस आठवले. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. 1847 साली सेमेलवाइसनी त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने घटले, तरी बड्या बड्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. मानायचं तर इतकी वर्षं आपल्याच हातांनी बायका दगावल्या, हे कबूल करावं लागलं असतं. त्यापुढे आमचे 17 म्हणजे कुठल्या झाडाचा पाला!

म्हणून या खेपेला आकडे बाजूला ठेवले आणि जांभळा दिवा आणला. हँडरबमध्ये चमकणारं द्रव्य मिसळायचं, चोळलेले हात दिव्याखाली धरायचे. लागलं तिथे निळसर उजळतं, राहिलं तिथे काळं. दिव्याशी कोण वाद घालणार? घातला. "बल्ब जुना दिसतोय." "माझा रंगच सावळा आहे हो."

शेवटी आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्ही."

मी रीतसर चोळले, पूर्ण 30 सेकंद. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. हात आत धरले. डावा अंगठा मुळापासून टोकापर्यंत काळा.

"सकाळी विळीवर कापलं ना," माझ्या तोंडून निघून गेलं, "झोंबतं म्हणून जरा..."

कापलं होतं, खोटं नाही. पण उजव्या करंगळीला.

सिस्टरांनी त्या करंगळीवरच्या पट्टीकडे एकदा बघितलं, माझ्या हातातली वही घेतली आणि माझ्या नावापुढे लिहिलं : डावा अंगठा, राहिला.