पासपोर्ट बदलण्याची घाई

आज कॅनडाची कागदपत्रे फाईलला लावताना मुलगा म्हणाला, "बाबा, इथल्या राजकारणाचा वीट आला आहे." त्याची चिंता मला खोटी वाटत नाही. २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, अर्थात सर्वांचे कारण राजकीय नसणार. मात्र आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही; त्यामुळे तिकडचा पासपोर्ट घेतला की इथला मतदानाचा हक्क संपतो आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) असले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या राजकारणाला तो कंटाळला आहे, त्याविरुद्ध बोटाला शाई लावून घेण्याचा अधिकारच सोडून द्यावा, हे मला पटत नाही. (त्याच्या आईला काळजी फक्त तिकडच्या थंडीची!) नोकरीसाठी जरूर जावे, नागरिकत्वाचे पुढे पाहावे, एवढेच मी सुचवले, निर्णय त्याचा आहे.