मेडिकलच्या काउंटरमागे शिकताना

मिरजेतील एका औषधांच्या दुकानात मी मदतनीस म्हणून काम शिकत आहे, हे कळल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी 'म्हणजे तू आता फार्मासिस्ट होणार का?' असे विचारले. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि मदतनीसाच्या हाताने काय व्हावे व काय होऊ नये याची रेषा ओळखणे हाच माझ्या शिकण्याचा सर्वांत मोठा भाग ठरला आहे.

ही रेषा कायद्याने आखलेली आहे. 1948 च्या फार्मसी कायद्यातील कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, आणि 1945 च्या औषध नियमावलीतील नियम 65 असे सांगतो की ते त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे. डी.फार्म. ही फार्मसीची पदविका करणाऱ्याला दोन वर्षांच्या अभ्यासानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते; मदतनीसासाठी मात्र काही कौशल्य-अभ्यासक्रम उपलब्ध असले तरी दुकानात उभे राहण्यासाठी त्यांची सक्ती नाही. परिणामी, दिवसभर सर्वाधिक औषधे हाताळणारा माणूस कितपत तयार होतो हे दुकानाच्या मालकावर अवलंबून राहते, आणि मला ही व्यवस्था योग्य वाटत नाही. आमच्या मॅडम स्वतः फार्मासिस्ट असून शिकवण्याच्या बाबतीत कडक आहेत, हे माझे नशीब म्हणायचे.

सुरुवात माल उतरवून घेण्यापासून झाली. होलसेलरकडून खोके आले की बिलावरील बॅच नंबर, एक्स्पायरी आणि एमआरपी प्रत्यक्ष पाकिटाशी ताडून पाहायचे आणि मगच माल रॅकवर लावायचा. ज्याची मुदत आधी संपणार आहे ते पुढे ठेवायचे, मग ते नंतर आलेले का असेना. मुदतीच्या जागी केवळ महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. स्ट्रिप कापून चार गोळ्या द्यायच्या असतील, तर बॅच आणि मुदत छापलेली बाजू दुकानात उरेल अशा बेताने कापायची, म्हणजे उरलेला तुकडा निनावी होत नाही. गिऱ्हाईकाच्या हातात गेलेल्या तुकड्याचे तपशील बिलावर येतात, म्हणून बिल घेऊन जा असे आम्ही आग्रहाने सांगतो.

चिठ्ठीप्रमाणे औषध काढून मॅडमपुढे ठेवणे हे त्यानंतरचे काम, आणि येथे नावापेक्षा आकडा अधिक फसवा असतो. थायरॉइडसाठी दिले जाणारे लेव्होथायरॉक्सिन 25, 50, 75, 100 अशा मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांमध्ये मिळते आणि एकाच कंपनीच्या बाटल्या दुरून सारख्याच दिसतात. मेथोट्रेक्सेटची गोष्ट याहून गंभीर आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज घेतली तर तिची विषबाधा जिवावर बेतू शकते. त्यामुळे ती चिठ्ठीत दिसली की मी काहीही न बोलता चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्ही मॅडमकडे देते, आणि वार कोणता ते रुग्णाला त्याच सांगतात व पाकिटावर लिहून देतात.

इन्सुलिनविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ते दोन तीव्रतांमध्ये विकले जाते याची कल्पना अनेक घरांत नसते. कुपीतील नेहमीच्या इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची यू-40 सिरिंज लागते. पेनमध्ये भरायच्या काडतुसात एका मिलिलिटरला बहुधा 100 युनिट असतात. काडतुसातील इन्सुलिन कोणी यू-40 सिरिंजने ओढून त्या खुणांप्रमाणे टोचले, तर ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट औषध शरीरात जाते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून नुसती 'इन्सुलिनची सुई द्या' अशी मागणी आली, की घरात कुपी आहे की पेन, हे विचारल्याशिवाय सुई काढायची नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतर नेहमीसारखे दिसले तरी वापरायचे नसते. फ्रिजमधील तापमान सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहिणे माझ्याकडे आहे, आणि उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजचे दार कोणालाही उघडू न देणे हेही.

नोंदींचा दुसरा मोठा भाग म्हणजे एच-वन रजिस्टर, अर्थात औषध नियमावलीच्या एच-वन या परिशिष्टातील (यादीतील) औषधांची नोंदवही. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या या परिशिष्टात सेफिक्झिमसारखी काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे, तसेच अल्प्राझोलामसारखी गुंगी आणणारी औषधे येतात. ती देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ठेवावी लागते आणि ही नोंद तीन वर्षे जपावी लागते. क्षयरोगाच्या औषधांबाबत आणखी एक जबाबदारी येते, कारण 2018 पासून अशा रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणे औषध विक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे कर्नाटकातूनही रुग्ण येतात, आणि कानडी अक्कांकडून पत्ता नीट लिहून घेताना माझी मोडकी कानडी बरीच सुधारली आहे.

गिऱ्हाईकाशी खरी वादावादी होते ती बदली औषधावरून. 'त्याच गुणाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी द्या ना' ही मागणी अगदी रास्त वाटते, आणि महिन्याचा औषधखर्च पाहता ती करणाऱ्यांचा मला कधी राग येत नाही. परंतु परिशिष्ट एच आणि एक्समधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाऐवजी दुसरे औषध देण्यास नियमावलीत मनाई आहे, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांनी चिठ्ठीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहिले असेल, तर मात्र स्वस्त पर्याय देता येतो. तेव्हा मी एवढेच सुचवते की पुढच्या वेळी डॉक्टरांनाच तसे लिहून देण्याची विनंती करा.

दुपारी मॅडम जेवायला घरी जातात तो वेळ सर्वांत अवघड जातो. त्या वेळेत चिठ्ठीवरील औषध द्यायचे नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. 'अहो ताई, चिठ्ठी आहे की हातात, मग अडचण कसली?' असे म्हणून काही जण चिडतात आणि काही पुढच्या दुकानात जातात, तिथे त्यांना औषध मिळतेही. औषध तातडीचे असेल तर मी मॅडमना फोन करते आणि त्या जेवण टाकून येतात. बाकी वेळी मी बँडेज, थर्मामीटर, ओआरएस अशा वस्तू देते. ओआरएस देतानाही पुडी एक लिटर पाण्याची आहे की 200 मिलिलिटरची, हे पाकिटावर दाखवून सांगावे लागते, कारण मोठी पुडी एका पेल्यात कालवून पाजण्याची सवय घरोघरी दिसते, आणि जुलाब झालेल्या लहान मुलाला इतके दाट मिश्रण अपायच करते.