पेनाच्या लेथवर पाईप : आमची वाटचाल

आमच्या दुकानात तंबाखू मिळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गिरगावातल्या आमच्या गाळ्याच्या काचेत मांडलेले पाईप बघून कोणी ना कोणी आत येतंच आणि तेच विचारतं. आम्ही पाईप, हुक्के, चिलमी दुरुस्त करतो, नाटकांना नि मालिकांना भाड्याने देतो, आणि फारच अडलं तर नव्याने घडवूनही देतो. मी स्वतः कधी ओढलेला नाही. बाबाही ओढत नसत. तपकिरीची डबी मात्र त्यांच्या खिशात कायम असे.

धंदा सुरू झाला तो फाउंटन पेनांचा. बाबा एबोनाइटच्या कांड्या लेथवर कातून पेनं करत. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेलं रबर. कातायला लागलं की फटाके उडवल्यानंतर गल्लीत राहतो तसा वास सुटतो. पुढे बॉलपेन इतकं स्वस्त झालं की पेन दुरुस्त करून घेणं लोकांना परवडेनासं नव्हे, पटेनासं झालं. त्याच सुमाराला फोर्टातल्या एका कचेरीतले साहेब निबाचं काम घेऊन आले आणि जाता जाता मोडक्या नळीचा पाईपही टेबलावर ठेवून गेले. त्या नळीवर कानस फिरवताच बाबांना वासावरून कळलं की हे आपलंच एबोनाइट. कांडी तीच, लेथ तोच, फक्त भोक बारीक.

त्या काळी मुंबईत पाईपवाले पुष्कळ. वकील, प्राध्यापक, जहाजावरचे अधिकारी, जाहिरात कंपन्यांतले लोक. परदेशी माल सहज मिळत नसे, त्यामुळे आहे तो पाईप जपण्याकडे कल होता. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि वर्षा-दोन वर्षांत पेनांचा गल्ला पाईपवर चालू लागला.

हे काम नेमकं काय असतं ते थोडं सांगते. लाकडी दांड्यात घुसणारी नळीची बारीक शेंडी ही पाईपची नाजूक जागा. ओढून झाल्यावर, वाटी, म्हणजे तंबाखू भरायची जागा, गरम असतानाच घाईने नळी उपसली की शेंडी कडकन तुटते आणि तुकडा दांड्यातच अडकून बसतो. असा पाईप आम्ही पिशवीत घालून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. थंडीने एबोनाइट लाकडापेक्षा जास्त आकसतं, मग तुकडा स्क्रूने हलक्या हाताने ओढून काढता येतो. तुटलेलं टोक लेथवर सपाट करायचं, मधोमध भोक पाडायचं, डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकची नवी शेंडी कातून एपॉक्सीने बसवायची. खरं कसब यापुढे आहे. शेंडी घट्ट ठेवली तर दांडा चिरतो, सैल ठेवली तर नळी गळून पडते. नुसत्या बोटांच्या जोराने, अर्ध्या वळशात बसली पाहिजे. शेवटी पाईप क्लीनर तोंडाकडून आत घालायचा. नळी न काढता तो सरळ वाटीच्या तळाशी पोचला तर काम पास. मध्ये अडला तर पाईप पुन्हा लेथवर. बाबांचा हा नियम मी आजही मोडू देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

वाटीचं लाकूड ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी ही गाठ. कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया, अल्जीरिया इथून खणून काढायची, तासन्‌तास उकळायची, मग महिनोन्‌महिने वाळवायची. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सें-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच गाठीवर नावारूपाला आलं. आपल्याकडे शिसवाचे पाईप होतात. दिसायला देखणे, पण धग सोसण्यात ब्रायरची सर त्यांना नाही, असं माझं मत आहे. शिसवाचे पाईप विकणाऱ्यांना राग आला तर येवो.

मग पाईपवाले कमी होत गेले. काही वारले, बऱ्याच जणांना डॉक्टरांनी सोडायला लावला, ते योग्यच झालं. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आला, ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी झाली आणि कचेऱ्यांमधून पाईप दिसेनासा झाला. लेथ विकून टाकावा असं घरात बोलणं चालू होतं. आम्हाला तारलं ते नाटकवाल्यांनी. साहित्य संघ मंदिर हाकेच्या अंतरावर. प्रयोगाच्या दिवशी पाईप मोडला की प्रॉपर्टीवाला धावत आमच्याकडेच येई. मी गाळ्यात बसू लागल्यावर चोरबाजारातून जुने तुकडे गोळा करायला लागले, ते दुरुस्त करून भाड्याने द्यायला लागले. आणि तेव्हा लक्षात आलं की दिग्दर्शकाला नुसता पाईप नको असतो, त्या माणसाचा, त्या मुलखाचा, त्या काळाचा पाईप हवा असतो. निदान असायला हवा.

कारण मागणी कशी येते पाहा. यादवकाळातला सरदार, हाती गुडगुडी. मी नाही म्हणते. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन आग्र्याला गेला तो १६०४ च्या आसपास, आणि जहांगीराने १६१७ मध्ये त्यावर बंदीही घातली. त्याआधीच्या राजाला धूर ओढायलाच लावायचा असेल तर चरकसंहितेतलं धूमनेत्र आहे. औषधी वर्तीचा धूर घ्यायची ही सरळ नळी, रोग्याच्या स्वतःच्या अंगुळांनी मोजून २४ ते ३६ अंगुळं लांब. आम्ही एकदा ती करून दिली. पडद्यावर ती बासरीसारखी दिसते म्हणून दृश्यच कापलं गेलं ते वेगळं. पैसे मिळाले.

हुक्क्याचं सामान बहुतेक मुरादाबादी पितळेचं येतं, पण श्रीमंत सरदाराच्या दिवाणखान्यात बिदरी तळ शोभतो. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचं जडावकाम आणि वर ती गडद काळी झाक, जी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून आणतात. ती झाक ब्रासोने घासून घालवणारे महाभाग मी पाहिलेत. नेचा, म्हणजे लांब लवचीक नळी, आम्ही नवीन गुंडाळून देतो. हस्तिदंती मोहरा, म्हणजे तोंडात धरायचं टोक, असलेला हुक्का आला तर मात्र दारातूनच परत पाठवतो. वन्यजीव कायदा आहे आणि माझी झोप मला प्यारी आहे.

सगळ्यात जास्त फिरते ती साधी मातीची चिलीम. शिर्डीचे साईबाबा, शेगावचे गजानन महाराज यांच्यावर नाटक असो की मालिका, चिलीम लागतेच. ती आम्ही कातत नाही, कुंभाराकडून आणतो. नटाला मात्र धरायची कशी ते दाखवावं लागतं. बुडाला ओलं फडकं, म्हणजे छापी, गुंडाळायची. चिलीम बोटांत उभी धरून दोन्ही तळहातांची ओंजळ करायची आणि अंगठ्यांजवळच्या फटीतून दम घ्यायचा. ओठ मातीला लावायचे नाहीत. म्हणूनच ती एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते, साधूपासून गावच्या पाटलापर्यंत. सिगारेटसारखी दोन बोटांत धरलेली चिलीम दिसली की घरी टीव्हीसमोर माझी चिडचिड होते आणि मुलं हसतात.

बाहेरच्या मुलखातल्या वस्तू हळूहळू येऊ लागल्या. जपानी शिकवणाऱ्या पुण्याच्या एका बाईंनी किसेरू, म्हणजे जपानी पाईप, आणली. दोन टोकांना धातू, मध्ये बांबू, आणि वाटी इतकी लहान की केसासारख्या चिरलेल्या तंबाखूचे दोन-तीन झुरके झाले की संपलं. बांबू तडकला होता, तो बदलला. नंतर वाचलं की जपानात वाफेने किसेरू साफ करून बांबू बदलून देणारे फेरीवालेच असत. वाचून बरं वाटलं, आपली जात कुठेतरी आहे म्हणून. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा मीरशॉम तर दगड असून हलका; वाळलेला तुकडा पाण्यावर तरंगतो. पांढरा पाईप वर्षानुवर्षांच्या वापराने मधासारखा, मग तपकिरी होतो. वडिलांचा असा पाईप घेऊन एक मुलगा आला, म्हणाला, घासून पांढरा करा. मी मधमाशीच्या मेणात बुडवून, पुसून तसाच तपकिरी परत दिला. त्याचं मोलच त्या रंगात आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून मक्याच्या बुरकुंड्याचे पाईप होतात. भाचेमंडळी भेट म्हणून आणतात. ते दुरुस्तीला घेत नाही. जळला की टाकायचा आणि नवा घ्यायचा, त्यासाठीच तो स्वस्त असतो.

एक काम मात्र आम्ही सरळ नाकारतो. एका हॉटेलला भिंतीवर लावायला ‘रेड इंडियन’ पाईप हवे होते, डझनभर, पिसांसकट. मिनेसोटातल्या पाईपस्टोन इथल्या लाल दगडाचा तो पाईप म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची प्रार्थना. वापरात नसताना वाटी आणि दांडा वेगळे ठेवतात, आणि तिथला दगड खणायची परवानगी आजही फक्त त्यांच्याच जमातींच्या लोकांना आहे. आपल्या देव्हाऱ्यातला शंख कोणी बारच्या भिंतीवर टांगला तर कसं वाटेल, असं विचारलं. ऑर्डर गेली.

ऑक्टोबर २०१२ पासून पडद्यावर धूम्रपान दिसलं की खाली इशारा द्यावा लागतो, त्यामुळे हल्ली पाईप हातात असतो पण पेटत नाही. आमच्या दृष्टीने उत्तम. वाट्या जळत नाहीत, माल टिकतो. जीएसटीत पाईप तेव्हाच्या अगदी वरच्या टप्प्यात, २८ टक्क्यांत जाऊन बसला तेव्हा नवे पाईप विकणं बंदच केलं. आता भाडं आणि दुरुस्ती यावर घर चालतं, लेथवर भाची बसते, आणि गंमत म्हणजे एबोनाइटच्या पेनांना पुन्हा हौशी गिऱ्हाईक मिळू लागलंय.

सध्या डोक्यात आहे तो गुप्तहेरी नाटकांत लागणारा वाकडा, मोठ्या तोंडाचा कॅलाबॅश पाईप. दक्षिण आफ्रिकेत तो भोपळ्याच्या मानेपासून करतात, आणि तो भोपळा आपल्या तंबोऱ्याच्याच जातीचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या ओळखीने पंढरपूरकडच्या एका शेतकऱ्याला गाठलं. तंबोऱ्याला मान सरळ लागते, आम्हाला वाकडी हवी, हे पटवायला वेळ गेला. कोवळ्या फळाखाली फळी सरकवून मान हवी तशी वळवावी लागते. ते काम यंदा सुरू आहे. भोपळे उतरवून नीट वाळायला बराच काळ जाईल, म्हणून कॅलाबॅशच्या ऑर्डरी तूर्त घेत नाही. बाकी कामासाठी गाळा सोमवार सोडून उघडा असतो. पाईप आणताना आतली राख तेवढी झाडून आणा.