नाइल्स: चॅप्लिनचे खांदे आणि पियानो

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मराठी घरं भरपूर, पण भारतातून आई-वडील आले की सगळ्यांच्या गाड्या वळतात त्या गोल्डन गेटकडे. नाइल्स हा फ्रीमाँटचाच एक भाग आहे, बार्ट या लोकल रेल्वेच्या फ्रीमाँट स्टेशनपासून जेमतेम चार-पाच किलोमीटर. 1915 मध्ये चार्ली चॅप्लिनने इथे मुक्काम ठोकून पाच विनोदी मूकपट केले. ‘द ट्रॅम्प’ त्यातलाच.

हे मूकपट त्याने ज्या एसने चित्रपट कंपनीसाठी केले, ती मूळची शिकागोची. तिचा भागीदार गिल्बर्ट अँडरसन, म्हणजे पडद्यावरचा ‘ब्रोंको बिली’, काउबॉयपटांसाठी इथे आला, कारण डोंगरातली दरी, रेल्वे आणि लख्ख ऊन तिन्ही हाताशी होतं. स्टुडिओ 1913 मध्ये उभा राहिला, 1916 मध्ये बंद पडला आणि 1933 मध्ये पाडला गेला. कलाकारांसाठी बांधलेली काही लाकडी घरं सेकंड स्ट्रीटवर अजून आहेत. तिथे लोक राहतात, तेव्हा ती रस्त्यावरूनच बघावीत.

खरं बघायचं ते नाइल्स बुलेव्हार्डवरचं एडिसन थिएटर. हेही 1913 चं, म्हणजे मुंबईत फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच वर्षीचं. आता इथे एसने मूकपट संग्रहालय आहे आणि शनिवारी संध्याकाळी मूकपट दाखवतात, सोबत प्रत्यक्ष पियानो.

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात, असं आपल्याकडे सर्रास समजतात. दोष माणसांचा नाही, वेगाचा आहे. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायची: एका फेरीत 8 फ्रेम्स, सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे 16 फ्रेम्स. पाठलागाच्या प्रसंगात कॅमेरामन मुद्दाम मूठ सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर धावपळ वाढायची. पुढे बोलपटांचा वेग 24 ठरला आणि जुनी रिळंही त्याच वेगाने दाखवली जाऊ लागली. 35 मिलिमीटरच्या हजार फुटी रिळाला 16 च्या वेगाने साधारण पावणेसतरा मिनिटं लागतात, 24 ने अकरा. दोन रिळांच्या चित्रपटातून अकरा मिनिटं कापली जातात, एकही फ्रेम न काढता!

त्यातलं काय जातं ते ‘द ट्रॅम्प’च्या शेवटच्या शॉटमध्ये दिसतं. प्रेमात हरलेला चार्ली आपल्याकडे पाठ करून मातीच्या रस्त्याने निघतो. खांदे पडलेले, चाल जड. मग अंग झटकतो, पाय उडवतो आणि ऐटीत चालू लागतो. त्या दोन चालींमधला क्षण फार छोटा आहे. वेग चुकला की खांदे पडल्याचं कळायच्या आत पाय उडतो, आणि दुःख पाहायचंच राहून जातं. ऑनलाइन फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रतींत नेमकं हेच होतं, वर कुठलं तरी संगीत सलग वाजत असतं. त्याचा मला खरोखर राग येतो. प्रत्यक्ष वाजवणारा पडद्याकडे बघत वाजवतो, खांदे पडले की हात सैल सोडतो.

वेग कमी केला की चित्र लुकलुकतं, म्हणून प्रोजेक्टरच्या फिरत्या झडपेला दोनऐवजी तीन पाती लावतात. 16 गुणिले 3 म्हणजे सेकंदाला 48 झपके, 24 ला दोन पात्यांनी मिळतात तितकेच. डोळ्याला ते सोसतं.

चेहरे इतके पांढरे का, याचंही कारण फिल्ममध्येच आहे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. गालांची लाली काळपट उमटे, निळं आकाश पांढरं पडे. म्हणून चेहऱ्यावर फिकट रंगाचा थर द्यायचे. त्या थरावर बेन टर्पिन या विनोदी नटाचे तिरळे डोळे शेवटच्या रांगेतूनही दिसतात. ‘अ नाइट आउट’मध्ये तो चॅप्लिनसोबत झिंगलेला आहे, आणि चॅप्लिनची पुढची कित्येक वर्षांची नायिका एडना पर्व्हिअन्स हिचं पदार्पणही त्याच चित्रपटातलं.

दरीतला रस्ता, हायवे 84, बघायला जाल तर जपून. वळणं आंधळी, गाड्या भरधाव, थांबायला कडेला जागा जवळजवळ नाहीच. फोटोसाठी गाडी थांबवू नका. त्यापेक्षा नाइल्स ते सुनोल धावणारी जुनी रेल्वे घ्या. ती ठरावीक दिवशीच सुटते. संग्रहालयही मुख्यतः शनिवार-रविवारीच उघडं असतं, तेव्हा दोन्हींचं वेळापत्रक आधी जुळवून मगच निघा. आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर बंद दार बघून परतावं लागेल.