कानामागची गाठ

आमच्या घरी जन्मलेली पूडल-मिश्र जातीची कुत्र्याची पाच पिल्ले आता सहा आठवड्यांची झाली असून, सोफ्यावर केस दिसत नाहीत म्हणून घरचे खूश आहेत. वास्तविक केस गळतातच. फक्त ते कुरळ्या केसांतच अडकून राहतात आणि न विंचरल्यास कानामागे त्यांच्या घट्ट गाठी होतात. म्हणून मी रोज प्रत्येकाला मांडीवर घेऊन मऊ ब्रश फिरवते. धाकटी मात्र ब्रशच चावत बसते. अ‍ॅलर्जीचे घटक लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असतात, त्यामुळे पिल्लू न्यायला येणाऱ्यांना मी त्याबाबत कसलीही हमी देत नाही. या वयात आवाज अंगवळणी पडावेत म्हणून मिक्सर मुद्दाम त्यांच्यासमोर लावते. पहिल्या दिवशी पाचही जण आईच्या पोटाखाली शिरले होते, काल एकाचीही झोप मोडली नाही.