तीन वर्षांच्या एलएलबी सीईटीची घरी तयारी: इंग्रजी आधी, कलमे नंतर

पदवी झाल्यावर महाराष्ट्रात कायद्याला प्रवेश घ्यायचा तर तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. या परीक्षेची तयारी घरी बसून व्यवस्थित होते. गाडी अडते ती बहुधा विषयांच्या क्रमावर. कायद्याची परीक्षा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी राज्यघटना उघडली जाते आणि इंग्रजी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडते. गुणांची वाटणी मात्र वेगळेच सांगते. एकूण १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. त्यात इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक कल चाचणीचे २४ आणि तर्कक्षमतेचे २४. म्हणजे एक तृतीयांश पेपर इंग्रजीचा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर पहिल्या आठवड्यापासून रोज इंग्रजीला हात घातलाच पाहिजे.

साहित्य जमवताना दोन गोष्टी तपासा. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी आहे. तिच्यात गणिताचेही ८ प्रश्न असतात आणि इंग्रजी फक्त २४ गुणांचे. तिचे सराव संच तुमच्या उपयोगाचे नाहीत. दुसरे म्हणजे, पूर्वी पेपर १५० प्रश्नांचा होता. त्या आराखड्याचे संच सोडवायला हरकत नाही, पण त्यावरून वेळेचा अंदाज बांधू नका. तुमच्या परीक्षेच्या वर्षीचे माहितीपत्रक सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या) संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि अभ्यासक्रमाचे पान टेबलासमोर चिकटवा.

इंग्रजीसाठी रोज पाऊण तास पुरतो, पण तो रोज हवा. पंधरा मिनिटांत एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख, वीस मिनिटांत व्याकरणाचे वीस प्रश्न आणि उरलेल्या वेळात आठ-दहा शब्द. शब्द नुसते अर्थासह पाठ करू नका, प्रत्येकाचे स्वतःचे एक वाक्य लिहा. परीक्षेत शब्द वाक्यात अडकवूनच विचारतात. व्याकरणात आपल्या चुका ठरलेल्या असतात, कारण डोक्यात वाक्य मराठीत तयार होते. ‘त्याबद्दल चर्चा केली’ यावरून आपण ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहितो, तिथे ‘अबाउट’ नको. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’ होते, तिथे ‘टू’ हवे. ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद, ही जोडी तर हमखास चुकते. अशा चुकांची यादी पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. ती हाताशी आली की ‘वाक्यातील चूक ओळखा’ हा प्रकार झपाट्याने सुधारतो. उताऱ्यांसाठी वेगळ्या क्लृप्त्या नकोत. उतारा एकदा सावकाश वाचायचा, मग प्रश्न. प्रश्न आधी वाचून उताऱ्यात उत्तर हुडकत बसले की अर्थ निसटतो आणि वेळही जास्त जातो.

कायद्याच्या विभागात दोन जातींचे प्रश्न येतात. एक माहितीचे: मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, कर्तव्ये, न्यायालयांची रचना, लॅटिन सूत्रे, महत्त्वाचे निकाल. त्यासाठी संविधानाची मराठी प्रत आणि अकरावीचे राज्यशास्त्र एवढ्यावर पाया पक्का होतो. अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालयाचे रिट, म्हणजे हक्कांच्या रक्षणासाठीचे आदेश) आणि २२६ (उच्च न्यायालयाचे) यांतला फरक, मालमत्तेचा हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून ३००-अ मध्ये कसा गेला, केशवानंद भारती खटल्यात (१९७३) १३ न्यायाधीशांच्या पीठाने मूलभूत संरचनेबद्दल काय ठरवले, अशा जोड्या तोंडी असाव्यात. अनेक जण हिंदी व्हिडिओंवरून अभ्यास करतात, त्यांनी एक काळजी घ्यावी. रिटच्या नावांत हिंदीतले ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ मराठीत ‘देहोपस्थिती’ होते, ‘परमादेश’ ‘महादेश’ होतो. इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. तेव्हा इंग्रजी आणि मराठी दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी लिहून ठेवा. मराठी वाक्य बोजड वाटले तर इंग्रजी मजकूर पाहायचा, तिथे घोटाळा बहुधा सुटतो.

जुन्या पुस्तकांचा सर्वांत मोठा धोका फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८मध्ये आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही त्याच दिवशी बदलला. सगळी कलमे घोकण्यात अर्थ नाही. नेहमीच्या वीस-पंचवीस गुन्ह्यांचा जुना-नवा तक्ता हाताने लिहा, तेवढा पुरतो.

दुसरी जात तत्त्व लावण्याच्या प्रश्नांची. इथे हुशार मुले मार खातात. एक नमुना पाहा. तत्त्व: १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच शून्य (झालाच नाही असा) असतो. प्रसंग: १७ वर्षांच्या मुलीने आपण १९ वर्षांची असल्याचे सांगून दुकानदाराशी हप्त्याने स्कूटर घेण्याचा करार केला. दुकानदार करार मोडल्याचा दावा लावतो. मन म्हणते, मुलगी खोटे बोलली, तिला सूट कशाला? आणि बोट ‘ती करारास बांधील आहे’ या पर्यायावर जाते. पण तत्त्वात खोटे बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. वय १८पेक्षा कमी, म्हणून करार शून्य, आणि शून्य करार मोडता येत नाही. विषय तिथेच संपला. (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात हाच नियम घालून दिला, तिथेही अल्पवयीन मुलाने वय लपवले होते.) प्रत्येक प्रश्नात आधी तत्त्वातल्या अटी मोजा, मग प्रसंगात त्या एकेक करून शोधा. जी माहिती तत्त्वाला लागत नाही ती लक्ष विचलित करायला घातलेली असते. दिलेले तत्त्व तुमच्या माहितीशी जुळत नसले तरी उत्तर दिलेल्या तत्त्वानुसारच.

सामान्य ज्ञानाला आवर घाला. हा विषय कितीही वेळ खातो. रोज अर्धा तास मराठी दैनिक, महिन्याला एक संकलन, आणि जोडीला नेमणुका, पुरस्कार, क्रीडा, न्यायालयीन निकाल यांची पानभर टिपणे. इतिहास-भूगोलासाठी बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके, ती विनामूल्य मिळतात. तर्कक्षमतेत नातेसंबंध, दिशा, बैठकव्यवस्था, संकेतलेखन, मालिका आणि विधान-निष्कर्ष या प्रकारांचे रोज पंधरा प्रश्न, घड्याळ लावून.

शेवटचे सहा आठवडे पूर्ण पेपर सोडवा, आठवड्याला दोन, आणि संगणकावर. कागदावर सोडवण्याची सवय असलेल्यांची स्क्रीनवर उतारा वाचताना गती पडते. वेळेची एक वाटणी अशी बसते: सामान्य ज्ञान १२ मिनिटे, कायदा २०, इंग्रजी ३८, तर्क ३५. शेवटी १५ मिनिटे उरतात, ती सोडलेल्या प्रश्नांसाठी. तर्क शेवटी ठेवावा, कारण बैठकव्यवस्थेचे एक कोडे अडले की दहा मिनिटे गिळते.

पेपर सोडवण्याइतकाच वेळ तो तपासायला द्या. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीत नव्हते, प्रश्न चुकीचा वाचला, की घाई झाली. तीन-चार पेपरांनंतर चित्र स्पष्ट होते. चुकीच्या वाचनाच्या खुणा जास्त असतील तर आणखी पुस्तके वाचून गुण वाढणार नाहीत. ‘नाही’, ‘वगळता’, ‘अयोग्य’ या शब्दांवर थांबायची सवय लावावी लागेल.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बारा प्रश्न कोरे सोडणे म्हणजे, चार पर्यायांच्या हिशेबाने, सरासरी तीन गुण टाकून देणे. शेवटची तीन मिनिटे याच कामासाठी राखा आणि उत्तर नोंदवण्याची बटणे कशी चालतात हे सीईटी सेलच्या सराव चाचणीत आधीच पाहून ठेवा. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेत, लागतो. आपला पेपर अवघड गेला म्हणून मध्येच हातपाय गाळू नका, तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड असतो.

अधिवास, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रांचे अर्ज अभ्यास सुरू असतानाच टाका. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात रांग लावली तर प्रवेशफेरीची तारीख निघून जाते.